गुलबर्ग्याची जामा मशीद कशी बघायची

सोलापूरवरून ट्रेनने गुलबर्गा म्हणजे आताचं कलबुर्गी जवळच आहे, किल्ल्यात शिरलात की बालाहिसारपाशी, म्हणजे आतल्या बालेकिल्ल्यापाशी, फोटो काढत बसू नका, आधी मशीद गाठा. सकाळी जा, शुक्रवारी दुपारची वेळ टाळा, चपला बाहेर.

पहिलं काम बाहेरून एक चक्कर. अंगण शोधाल तर सापडणार नाही, कारण इथे ते नाहीच! आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या मशिदींना मोकळं अंगण असतं, इथे सगळीच्या सगळी जागा छताखाली घेतलीय, आणि उजेड येतो तो बाजूच्या कमानींतून. १३६७ ची इमारत, बहमनी सुलतान पहिला मुहम्मदशहा याच्या काळातली, शिलालेखात बांधणाऱ्याचं नाव रफी, इराणच्या कझवीनचा.

मग आत जा पण लगेच मिहराबकडे, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्याकडे, धावू नका. कडेच्या ओवरीत एका टोकाला उभं राहून कमानी बघा, खूप रुंद आणि खांब एकदम बुटके, कमान जमिनीतूनच उगवल्यासारखी वाटते. मला विचाराल तर घुमटापेक्षा हेच भारी आहे. नंतर मधल्या खांबांच्या रांगांमधून तिरकं चालत पश्चिमेला या, दर दोन पावलांना कमानींची रांग बदलते. मिहराबसमोर आलात की वर बघा, मोठा घुमट चौकोनी भिंतींवर उचलून घेतलाय. नक्षीकाम फारसं नाहीये, ते शोधण्यात वेळ घालवू नका. चार कोपऱ्यांचे घुमट आणि मधले छोटे छोटे घुमट मात्र बाहेर येऊन जरा लांबूनच नीट दिसतात.