पहिली गोळी सुसाट, पुढच्या मंद? रेग्युलेटर उघडा

माझ्या जुन्या पेंटबॉल मार्करची (हवेच्या दाबाने रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक) खोड अशी: जरा थांबून झाडलं की क्रोनोवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) पहिली गोळी सेकंदाला ३१० फूट, पुढच्या २७५. मैदानाची मर्यादा ३००, म्हणजे रेफरी बाहेर काढणारच. मी आधी स्प्रिंग बदलली, पैसे पाण्यात. दोष रेग्युलेटरच्या, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब कमी करून देणाऱ्या भागाच्या, सीटचा होता. सीट म्हणजे त्यातलं हवा अडवणारं छोटं सील. सीट झिजली की हवा पाझरत राहते आणि थांबल्यावर दाब चढतो.

गोळ्या काढा, टाकी काढा, गॉगल लावून मोकळ्या दिशेला दोन-तीनदा रिकामा बार काढा, आतली हवा संपेल. ४५०० पीएसआय (दाबाचं एकक) दाबाच्या टाकीवरचा रेग्युलेटर मात्र घरी उघडायचाच नाही. मार्करचा खोलताना पिस्टनवरच्या चकत्या कुठल्या क्रमाने, कुठल्या बाजूने निघाल्या त्याचा फोटो घ्या. मी घेतला नव्हता, अख्खा रविवार गेला! पिस्टन पुसा, सीट आणि ओ-रिंगा (रबरी कड्या) नव्या घाला. ग्रीस पेंटबॉलचंच, तेही बोटाला जेमतेम चकाकी येईल इतकं. शिलाई मशीनचं तेल नको, काही रबरं त्याने फुगतात.

जोडल्यावर दाब सगळ्यात कमी ठेवा. रेग्युलेटरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून दाब वाढवत क्रोनोवर २८० ला थांबा. मग मिनिटभर थांबून पुन्हा झाडा. आकडा एकदम वर गेला, तर सीट नीट बसलेली नाही.