कुंडीतले धणे उगवत नसतील तर

कुंडीत भाजी लावायला शिकणारे बहुतेकजण आधी कोथिंबीर पेरतात आणि दोन आठवड्यांनी कोरी माती बघून हिरमुसतात. बरेचदा अडचण मातीची नसते, अख्खे धणे तसेच पेरलेले असतात. एका धण्यात दोन बिया असतात, त्या सुट्या करून पेराव्यात.

१. घरातलेच ताज्या वासाचे, न भाजलेले धणे कापडावर पसरून वरून लाटणं हलक्या हाताने फिरवा. धणा दुभंगला की थांबा, भुगा नको.
२. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी निथळून घ्या.
३. तळाला भोकं असलेला सहा ते आठ इंच खोल टब पुरतो. महागडी कुंडी खरंच लागत नाही. भुसभुशीत माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरून धणे ओळीत पेरा, वर जेमतेम अर्धा इंच माती.
४. वर ओलं गोणपाट टाका. कोंब दिसले की त्याच दिवशी काढा, नाहीतर रोपं पिवळी, लांबुडकी होतात.

साधारण आठ-बारा दिवसांत उगवण दिसते. तोवर झारीनेच पाणी द्या. मगाने ओतलं तर बिया एका कोपऱ्यात वाहून जातात. पुढे रोपं उपटू नका, बाहेरची पानं कात्रीने कापत राहा.

जपायचं ते एप्रिल-मेच्या उन्हाला. दुपारचं थेट ऊन लागलं तर पानं धरण्याआधीच फुलं येतात, तेव्हा टब सकाळचं ऊन मिळणाऱ्या खिडकीत हलवा.