पहिल्यांदा प्रदर्शनात चित्र लावताय? आधी पाठ तपासा

वार्षिक प्रदर्शनाची नोटीस लागली की पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं रंगवायला बसतात. खरं तर त्या दिवशी आधी फ्रेमवाल्याकडे जायला हवं. सांगली-मिरजेत काय किंवा साताऱ्यात काय, नीट फ्रेम करून देणारी दुकानं मोजकी, आणि सगळा वर्ग एकाच आठवड्यात तिथे धडकतो. मग हवी ती पट्टी संपलेली असते, आणि उद्‌घाटनाच्या सकाळी ओल्या फेविकॉलची फ्रेम हातात पडते. विद्यार्थी प्रदर्शन फसतं ते चित्रांमुळे क्वचित. बहुतेक वेळा ते चित्राच्या पाठीमागे जे असतं त्यामुळे फसतं: माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), हूक, दोरी आणि न घेतलेली मापं. म्हणून चित्र कसं काढावं याबद्दल इथे काहीही नाही.

निवडीला काम देताना एक जलरंग, एक तेलरंग, एक कोलाज, एक चारकोल असा नमुन्यांचा डबा करून देऊ नका. एकाच विषयावरची तीन कामं एकत्र टिकतात, भिंतीवरही एकत्र लागतात. आणि फ्रेम करण्याआधी प्रत्येक कामाचा फोटो काढून ठेवा, सावलीत, कॅमेरा चित्राला समांतर धरून. काच बसल्यावर काढलेल्या फोटोत तुमचं चित्र कमी आणि मोबाइल धरलेले तुम्ही जास्त दिसता. राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग असो की कॉलेजचा कॅटलॉग, फोटो सगळीकडे लागतोच.

पावसाळ्यात केलेली कागदावरची कामं आधी पाठीमागून बघा. कृष्णाकाठच्या दमट हवेत गठ्ठ्यात पडून राहिलेल्या कागदावर तपकिरी ठिपके धरतात. कधी ते आधी पाठीमागेच दिसतात, वर यायला वेळ लागतो. ठिपके असलेलं काम चांगल्या कामाला चिकटून ठेवायचं नाही. कागदाला पोक आला असेल तर पाठीवर स्पंजने हलकासा ओलावा द्या, खाली-वर टीपकागद घाला, ड्रॉइंग बोर्डाखाली दाबून वर वजन ठेवा आणि एक रात्र हात लावू नका. चारकोल, पेस्टल आणि ठिसूळ जाड गॉशवर (अपारदर्शक जलरंगावर) हा प्रयोग करायचा नाही.

तेलरंगाचं काम प्रदर्शनाच्या तीन-चार आठवडे आधी हातावेगळं करा. पातळ थर आठ-दहा दिवसांत हाताला लागेनासा होतो, पण नाइफने दिलेला जाड थर वरून कातडी धरतो आणि आतून महिनोन्‌महिने ओला राहतो. अंबरसारखा तपकिरी रंग लवकर वाळतो, अ‍ॅलिझरिन क्रिमसन फार रेंगाळतो. चमक एकसारखी यावी म्हणून आदल्या दिवशी वॉर्निश मारणारे दर वर्षी निघतात. शेवटचं वॉर्निश सहा महिन्यांनंतरचं काम आहे. ओल्या थरावर मारलं तर ते रंगात मिसळतं, आणि पुढे रंगाला तडे गेले की कारण सापडत नाही.

जत, विटा, तासगाव, कोरेगाव, वाईकडून येणाऱ्यांचा खरा प्रश्न एसटीचा. हाफ इम्पीरियल, म्हणजे १५ × २२ इंच, पोर्टफोलिओत घालून मांडीवर धरता येतं. फुल इम्पीरियल, २२ × ३० इंच, गर्दीच्या गाडीत मोडतंच. मोठा कॅनव्हास चौकटीवरून उतरवून न्यायचा तर गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली की रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो. गाभ्याला शेतात पाइपलाइनसाठी वापरतात तो ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप चालतो, १६० मिलिमीटरचा मिळाला तर त्याहून बरं. टेम्पोने आणत असाल तर कामं आडवी न रचता उभी ठेवा, तोंडाला तोंड, पाठीला पाठ, आणि दोन तोंडांच्या मधे बटर पेपर. अ‍ॅक्रिलिक तासाभरात वाळतं म्हणून मुलं निर्धास्त असतात, पण उन्हातल्या टेम्पोत तोच थर मऊ पडून समोरच्या चित्राला चिकटतो. बबल रॅपही थेट रंगावर नको, बुडबुड्यांचे गोल उमटतात.

आता माउंट. हाफ इम्पीरियल आडव्या चित्राचं उदाहरण घेऊ. माउंटमधली खिडकी चित्रापेक्षा चारी बाजूंनी पाव इंच लहान कापायची, म्हणजे १४.५ × २१.५ इंच. वर आणि दोन्ही बाजूंना ३ इंच, खाली ३.५ इंच समास. खालचा अर्धा इंच जास्त दिला नाही तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. बाहेरचं माप झालं २१ × २७.५ इंच. चित्र माउंटला फक्त वरच्या बाजूने, कागदी गमटेपच्या दोन पट्ट्यांनी लटकवायचं. चारी बाजू चिकटवल्या की हवेतल्या ओलीबरोबर कागद फुगतो, त्याला जायला जागा राहत नाही आणि मधे फुगा येतो. सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत तो पिवळा पडून कागदात उतरतो. चारकोल-पेस्टलच्या कामाला काच टेकता कामा नये. जाड माउंट किंवा मधे लाकडी पट्टी द्या, नाहीतर अर्धं चित्र काचेच्या आतल्या बाजूला जाऊन बसतं.

माउंटचा रंग पांढरा किंवा फिकट मोतिया. चित्रातला लाल उचलून लाल माउंट करण्याची कल्पना सगळ्यांना सुचते. सोडून द्या.

डबल टेपवर काम लावण्याचा मोह आवरा. संध्याकाळी लावलेलं काम पहाटे जमिनीवर असतं, आणि टेपबरोबर गॅलरीच्या भिंतीचा डिस्टेंपर निघतो, तो पुढे विभागाच्या नावावर मांडला जातो. फ्रेमला मागे, वरून साधारण एक तृतीयांशावर, दोन्ही बाजूंना रिंग किंवा आयस्क्रू बसवा. दोरी खाली बांधली की फ्रेमचं डोकं पुढे झुकतं आणि काचेत छताच्या ट्यूब दिसतात. नायलॉनची दोरी ताणाखाली हळूहळू लांबते, म्हणून रात्री पाणसळ लावून सरळ केलेल्या फ्रेम सकाळी अर्धा इंच उतरलेल्या सापडतात. प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक तार घ्या. नायलॉनच वापरायची असेल तर दुहेरी घ्या, गाठ डबल मारून टोक जाळा, एक रात्र वजनावर टांगून ठेवा आणि मग मापं घ्या.

भिंतीवर खिळे एका रेषेत मारणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. खिळे रेषेत आले म्हणून चित्रं रेषेत येत नाहीत. प्रत्येक फ्रेमची उंची वेगळी, दोरीचा झोल वेगळा. एका रेषेत यायला हवा तो चित्रांचा मध्य, जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर. शाळांची मुलं पाहायला येणार असतील तर ५७ धरा. हिशेब असा: मध्याची उंची, अधिक फ्रेमची निम्मी उंची, वजा दोरीचा झोल, म्हणजे ताणलेली दोरी फ्रेमच्या वरच्या कडेपासून जेवढी खाली राहते तेवढं अंतर. समजा मध्य ५८ इंच ठरवला. आधीच्या उदाहरणातल्या माउंटला पट्टी लागून फ्रेमची उंची २३ इंच झाली, तिची निम्मी ११.५. दोरी मधोमध बोटाने वर ताणली तर फ्रेमच्या वरच्या कडेपासून ती ३ इंच खाली राहते. ५८ + ११.५ − ३ = ६६.५. हूक साडेसहासष्ट इंचांवर. झोल मोजताना दोरी ताणलेलीच हवी, सैल सोडून मोजली की प्रत्येक काम इंच-दीड इंच खाली बसतं आणि कारण कुणाला कळत नाही.

आडवा हिशेबही आधी कागदावर करा. २४ फुटांची भिंत म्हणजे २८८ इंच. २९.५ इंच रुंदीच्या फ्रेम आहेत. सात लावल्या तर २०६.५ इंच गेले, उरले ८१.५, मोकळ्या जागा आठ, म्हणजे प्रत्येक फटीला साधारण १० इंच. चालेल. आठवी घुसवली तर फट सहा इंचांच्याही खाली येते आणि चित्रं एकमेकांच्या कानात बोलायला लागतात. सहा लावल्या तर जवळपास १६ इंचांची फट, ही सगळ्यात चांगली. पण तेव्हा कुणाचं तरी काम वगळावं लागतं, आणि मांडणी समितीचं खरं काम तेच. रोल नंबरप्रमाणे मांडणी करून ते काम टाळलं जातं. भांडण होत नाही हे खरं, पण प्रदर्शन हजेरीपटासारखं दिसतं.

खिळ्यांना हात लावण्याआधी सगळी कामं भिंतीच्या कडेने जमिनीवर टेकवून ठेवा, खाली थर्माकोल किंवा सतरंजी. चार पावलं मागे जाऊन बघा, जागा बदला, पुन्हा बघा. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर काचेची गडद चित्रं नकोत, त्यांत खिडकीच दिसते. तिथे कॅनव्हास लावा. ही चित्रांची अदलाबदल दोन-तीन तास खाते, पण तिथे घाई केली की पुढचे आठ दिवस ती दिसत राहते. गॅलरीला वर रेल असेल तर साखळी-हूक वापरा, खिळा मारायचाच नाही. नसेल तर ड्रिलने भोक पाडून गिट्टी आणि स्क्रू. विटांच्या जुन्या भिंतीत नुसता खिळा ठोकला की गिलाव्याचा पापुद्रा सुटतो. सोबत ५ मीटरचा टेप, पाणसळ, पेन्सिल, खोडरबर, कटर, काचेसाठी सुती फडकं आणि दोन स्टुलं. एकाने धरायचं, दुसऱ्याने लांबून बघायचं. एकट्याने लावलेलं चित्र तिरकं असतं.

मांडणी कशी असते ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तिथे १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय उभारलं. रविवर्मा आणि धुरंधरांची चित्रं आहेत, शिल्पकार हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ आहे. एकदा चित्रांसाठी फिरा आणि दुसऱ्यांदा फक्त फ्रेम, उंची, मधली जागा आणि उजेड कुठून येतो हे बघत फिरा.

शिल्पांचं थोडक्यात. स्टँड ३० ते ३६ इंच उंच, व्यक्तिशिल्पाचे डोळे बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या जरा खाली येतील असा. स्टँड हलका असेल तर पोटात वाळूचं पोतं ठेवा, नाहीतर पहिल्याच गर्दीत कुणाचं तरी दप्तर लागतं. न भाजलेली माती प्रदर्शनाला देऊ नका. भाजलेलं काम पेंढ्यात बसवून आणा, आणि उचलताना हात नेहमी तळाला, मानेला कधीच नाही.

छापाचित्रांना खाली पेन्सिलने डावीकडे आवृत्तीचा आकडा, मधे शीर्षक, उजवीकडे सही. ३/१० म्हणजे दहांतला तिसरा. पुढे अकरावा काढायचा नसतो.

लेबल दोन × साडेतीन इंच, आयव्हरी कार्डावर, अक्षर १४ ते १६ पॉइंट. नाव, वर्ग, शीर्षक, माध्यम, माप, वर्ष, किंमत. माप लिहिताना आधी उंची, मग रुंदी. लेबल चित्राच्या उजवीकडे, खालच्या कडेच्या पातळीवर, सगळीकडे एकाच अंतरावर. मजकूर छापायला देण्याआधी मराठीच्या सरांना नाहीतर मॅडमना दाखवा, ‘निसर्ग चीत्र’ ही अक्षरं भिंतीवर आठवडाभर वाचावी लागतात. शीर्षकाचंही बघा. सांगलीत ‘कृष्णाकाठ १’ ते ‘कृष्णाकाठ ९’ आणि साताऱ्यात ‘अजिंक्यतारा’ एवढंच लिहिलेली रांग लागते. ‘आयर्विन पूल, पाणी ओसरताना’ असं लिहिलं तर माणूस पुलाकडे नीट बघतो.

दिवे भिंतीशी ३० अंशांच्या कोनात, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९०च्या पुढचे एलईडी असतील तर उत्तम. दीपप्रज्वलनाची समई कागदी कामांपासून किमान सहा फुटांवर, आणि तेवढा वेळ पंखे बंद. पाहुण्यांना दिलेले गुच्छ शिल्पाच्या स्टँडवर ठेवले जातात, त्यासाठी आधीच एक टेबल मांडून ठेवा. तारीख धरताना राज्य नाट्यस्पर्धेचे दिवस बघा. नाट्यपंढरी सांगलीत त्या संध्याकाळी गॅलरीकडे कुणी फिरकत नाही.

ड्युटीवर असताना कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसू नका. येणारे काका-मावशी तीनच प्रश्न विचारतात: कशात केलंय, किती दिवस लागले, केवढ्याला. पहिल्याचं उत्तर सविस्तर द्या. जलरंगात पांढरा बहुधा लावलेला नसतो, कोरा सोडलेला असतो, एवढं दाखवलं तरी माणूस पुढच्या चित्राशी थांबतो. किंमत चौरस इंचाने काढलेली सोपी. १५ × २२ म्हणजे ३३० चौरस इंच. दर १० रुपये धरला तर ३,३०० आणि वर फ्रेमचा खर्च. एका मापाच्या, एका माध्यमाच्या कामांना एकच दर. ‘काका, पहिलंच प्रदर्शन आहे, दर सगळ्यांना सारखाच ठेवलाय,’ एवढं पुरतं. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, पावती द्या, विकल्याची खूण म्हणून लाल टिकली लावा, चित्र समारोपानंतरच द्या.

उतरवण्याच्या दिवशी आवक-जावक वहीत प्रत्येक कामासमोर सही घेतल्याशिवाय काहीही बाहेर जाऊ देऊ नका. एकसारख्या फ्रेमची अदलाबदल नेमकी तेव्हा होते, म्हणून फ्रेमच्या पाठीवर नाव आणि वर्ग आधीच लिहिलेला असावा. भोकं पुट्टीने भरा, वाळली की घासा, वर रंगाचा हात. परत आलेली कामं जमिनीवर टेकवू नका. लाकडी ठोकळ्यांवर सहा इंच वर, उभी, मधे बटर पेपर घालून ठेवा. कॉलेजचं स्टोअर तळमजल्यावर असेल आणि इमारत नदीच्या बाजूला, तर २००५ आणि २०१९ला पाणी कुठवर आलं होतं ते शिपाईमामांना विचारा आणि जूनच्या आत कामं वरच्या मजल्यावर हलवा.