गाइडचे पेपर अन् सायटेशन तपासायचे कसे, नागपूरच्या पोट्ट्यांसाठी

दरवर्षी पीएचडीचे फॉर्म निघाले की मेडिकल चौकातल्या चहाच्या टपरीवर एकच चर्चा, अमुक सरांचा एच इंडेक्स एवढा, तमुक मॅडमचा तेवढा. आकडा सगळ्यांना पाठ, पण तो आला कुठून हे कोणी पाहात नाही. पाहायला अर्धा तास लागतो बाप्पा, अन् पुढची तीनचार वर्षं त्याच गाइडसोबत काढायची असतात.

आधी एच इंडेक्स समजून घ्या. २००५ मध्ये हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने काढलेला हिशोब आहे. पेपर सायटेशनप्रमाणे, म्हणजे दुसऱ्या पेपरांनी त्याचा किती वेळा संदर्भ दिला त्याप्रमाणे, मोठ्याकडून लहानाकडे लावा, आणि ज्या शेवटच्या नंबरच्या पेपरला निदान त्या नंबराएवढे सायटेशन आहेत तो नंबर म्हणजे एच इंडेक्स. समजा ४०, २२, ९, ६, ५, ३. पाचव्या पेपरला ५ आहेत, सहाव्याला ६ पाहिजे होते पण ३च आहेत, म्हणजे एच इंडेक्स ५. पहिल्या पेपरला ४० ऐवजी ४०० असते तरी ५च. आणि वय वाढलं तरी हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून रिटायरमेंटला आलेले सर आणि नवीन असिस्टंट प्रोफेसर यांची तुलना त्यावर करूच नका.

आता शोधायचं कसं. गूगल स्कॉलर, म्हणजे पेपर शोधायचं गूगल, फुकट आहे, सोपं आहे, पण ते थीसिस, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच टाकलेला पेपर), कॉन्फरन्सचं सगळंच मोजतं, म्हणून तिथला आकडा स्कोपस या पैसे भरून वापरायच्या डेटाबेसपेक्षा बहुतेक वेळा मोठाच दिसतो. शिवाय पेपर आपोआप जोडायचं सेटिंग चालू असलं की दुसऱ्याचेही पेपर येऊन बसतात. आपल्याकडे तर एस देशमुख म्हटलं की सुरेश, सुनीता, संजय, शुभांगी सगळेच आले, मग हाडांच्या डॉक्टरच्या प्रोफाइलमध्ये सोयाबीनवरचा पेपर दिसला तर दचकू नका. त्यावर उपाय म्हणजे ऑर्किड, १६ आकडी नंबर, तो माणसाचा असतो, नावाचा नाही. सरांचा ऑर्किड असेल तर तिथूनच सुरुवात करा.

मग पबमेड, म्हणजे मेडिकल पेपरांचा फुकट डेटाबेस. अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये ऑथरमध्ये नाव आणि अफिलिएशनमध्ये, म्हणजे संस्थेच्या पत्त्यात, नागपूर टाका. इथे एक गोम आहे, २०१४ च्या आधी पबमेड फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता घेत होतं, म्हणून सरांचं नाव मधे असलेले जुने पेपर नागपूर टाकल्यावर गायब होतात, आणि लोक म्हणतात सरांनी काही केलंच नाही. पत्ता काढून पुन्हा शोधा. सेवाग्राम, सावंगीला आधी काम केलं असेल तर वर्धा टाकूनही पाहा.

यादी हाती आली की खरं काम सुरू, आणि इथेच सगळे आळस करतात. सगळ्यात जास्त सायटेशनवाले चारपाच पेपर उघडा आणि लेखकांची यादी मोजा. शेकडो लेखक असलेला जागतिक आजारांच्या भाराचा एखादा पेपर असला की हजारो सायटेशन येतात, सरांचा वाटा त्यात एका डेटासेटचा असू शकतो. सावजीवर तर्री तरंगते, तिच्यावरून खाली मटण किती ते कळत नाही, तसं आहे हे. सरांचं नाव पहिलं, शेवटचं किंवा करस्पाँडिंग (पेपरबद्दल पत्रव्यवहार करणारा लेखक) असलेले पेपर वेगळे काढा. विदर्भातल्या सिकल सेलवर कोणी आपल्याच ओपीडीतल्या पेशंटचा नीट अभ्यास केला असेल आणि त्याला २५ सायटेशन असतील, तर माझ्या मते तो त्या हजारवाल्यापेक्षा वजनदार.

सेल्फ सायटेशन, म्हणजे स्वतःच्याच पेपरचा स्वतः दिलेला संदर्भ, स्कोपसमध्ये वगळून पाहता येतं, कॉलेजच्या लायब्ररीत अ‍ॅक्सेस आहे का ते विचारा. थोडं असणारच, एकाच विषयावर काम करणारा स्वतःचं आधीचं काम सांगणारच ना. आकडा एकदम अर्धा झाला तर मात्र विचार करा. वेगवेगळ्या विषयांची तुलना करायची तर आयसाइट ही वेबसाइट वापरा, फुकट आहे, त्यात आरसीआर, म्हणजे विषयाप्रमाणे जुळवलेला सायटेशनचा आकडा, दिसतो; तो १ म्हणजे त्या क्षेत्रातल्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या पैशावर झालेल्या मधल्या पेपरएवढा. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, जर्नलचा असतो, माणसाचा नाही, तो इथे सोडून द्या.

रिट्रॅक्शन, म्हणजे छापलेला पेपर मागे घेतला गेलाय का, तेही बघून घ्या. अशा पेपरांची यादी ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ पासून क्रॉसरेफ या पेपरांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेने सगळ्यांसाठी खुला केलाय. नाव सापडलं तर कारण वाचा, प्रामाणिक चूक स्वतःहून कबूल केलेलीही असते.

आणि लायब्ररीत जाऊन त्या सरांच्या हाताखाली झालेल्या थीसिसची यादी काढा, त्यातले किती पेपर झाले आणि झाले त्यात पहिलं नाव पोट्ट्याचं आहे की सरांचं, ते जुळवा. त्यातला एखादा सीनियर अजून नागपुरातच असतो, त्याला फोन लावा.