दृष्टिपटलाचे छायाचित्र काढायला शिकताना

ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे दृष्टी तपासण्याच्या शास्त्राच्या, पदवीचे शेवटचे वर्ष, म्हणजे इंटर्नशिप, मी सिंधुदुर्गातील एका रुग्णालयाच्या नेत्र विभागात केली आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाचे, छायाचित्र काढणाऱ्या फंडस कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा बसले तेही तिथेच. या कामाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना मी एकच आग्रहाने सांगते, की यंत्राची बटणे आठवड्यात समजतात, पण पडदा पाहायला शिकण्यासाठी शेकडो निरोगी डोळे पाहावे लागतात.

निरोगी पडदा नजरेत बसला, की बिघाड आपोआप खुपू लागतो. उजव्या डोळ्याच्या चित्रात ऑप्टिक डिस्क, म्हणजे दृष्टीची नस जिथून बाहेर पडते ती फिकट चकती, उजवीकडे दिसते आणि डाव्याच्या चित्रात डावीकडे, त्यामुळे फाइलवर डोळ्याची बाजू चुकीची लिहिली गेली असेल तर ते चित्रावरूनच कळते. डिस्कच्या मधला फिकट खळगा किती मोठा आहे, हे प्रत्येक चित्रात पाहावे. तो डिस्कच्या रुंदीच्या साधारण ०.३ इतका असणे नेहमीचे आहे, पण काही निरोगी डोळ्यांत तो जन्मतःच मोठा असतो. म्हणून केवळ आकड्यावर न थांबता दोन्ही डोळ्यांची तुलना करावी, आणि फरक ०.२ हून अधिक आढळला तर काचबिंदूच्या तपासणीसाठी रुग्णाला पुढे पाठवावे. रक्तदाब बराच काळ चढलेला असेल तर रोहिण्या अरुंद होतात आणि जिथे त्या शिरांना ओलांडतात तिथे शीर दबलेली दिसते. शरीरातील रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट पाहता येतात अशी ही जागा आहे, हे मला आजही विलक्षण वाटते.

मधुमेहाच्या पडद्यावर मात्र अधिक वेळ द्यावा, कारण आमच्याकडे येणाऱ्या कामाचा मोठा भाग तोच असतो. केशवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होऊन त्यांना सूक्ष्म फुगे येतात आणि ते टाचणीच्या टोकाएवढ्या लाल ठिपक्यांसारखे दिसतात. पुढे रक्तस्राव, पिवळसर चरबीचे साठे आणि रक्तपुरवठा तुटलेल्या जागी कापसासारखे पांढुरके डाग येतात. याच टंचाईमुळे शेवटी नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, आणि त्या फाटल्या की डोळ्यात अचानक रक्त भरते. हे सारे घडत असताना पडदा दुखत नाही, कारण त्याला वेदनेची संवेदनाच नसते.

मालवणकडच्या एक मासे विकणाऱ्या काकी साखरेच्या तपासणीसाठी आल्या होत्या. ‘माका सगळा बरा दिसता, मगे फोटो कित्याक?’ असे त्यांनी विचारले. त्यांची दृष्टी दोन्ही डोळ्यांत ६/६ होती, म्हणजे त्यांचे म्हणणे खरेच होते, तरीही उजव्या डोळ्याच्या डिस्कवर नव्या वाहिन्यांचे जाळे होते. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच पडद्याची तपासणी करावी आणि नंतर दरवर्षी करावी, असे सांगितले जाते ते याचसाठी. काकींना तातडीने लेझरसाठी पाठवण्यात आले.

माझ्या हातून झालेली चूकही इथे नोंदवते. मोतीबिंदू असलेल्या एका आजोबांचे धूसर चित्र मी ‘विशेष काही नाही’ अशा शेऱ्याने पुढे सरकवले, आणि नंतर बाहुली मोठी करून पाहिल्यावर डॉक्टरांना परिघावर रक्तस्राव आढळले. धूसर चित्र म्हणजे निरोगी पडदा नव्हे. ‘चित्र वाचण्यायोग्य नाही’ असेच त्यावर लिहायचे असते. याउलट, एकाच जागी प्रत्येक रुग्णाच्या चित्रात काळा ठिपका येत असेल तर तो पडद्यावर नसून भिंगावरच्या धुळीचा असतो. कोकणात जून ते सप्टेंबर भिंगांवर बुरशी धरते, म्हणून कॅमेरा बंद कपाटात सिलिका जेलसह ठेवावा आणि वापरानंतर लगेच झाकावा.

फंडस छायाचित्र सपाट असते. मॅक्युलाला, म्हणजे बारीक पाहण्यासाठी असलेल्या पडद्याच्या मधल्या भागाला, सूज आहे की नाही, याचा अंदाज त्यावरून येतो, पण जाडी मोजता येत नाही. त्यासाठी १९९१ साली मांडली गेलेली ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) ही पद्धत आहे. सोनोग्राफीत ध्वनीचे प्रतिध्वनी वापरतात, तसे इथे प्रकाशाचे परावर्तन वापरून पडद्याचे थर काही मायक्रॉनपर्यंतच्या बारकाईने उलगडतात. मात्र अहवालातील लाल-हिरवे रंग पाहून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये; आधी सिग्नलची ताकद आणि थरांवर आखलेल्या रेषा बरोबर बसल्या आहेत का, हे तपासावे.

बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी टॉर्चच्या तिरक्या उजेडात डोळ्यातला पुढचा कोन, म्हणजे आतले पाणी जिथून निचरते ती बुबुळाच्या कडेची जागा, अरुंद आहे का, हे पाहून शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे, नाहीतर डोळ्यातला दाब अचानक वाढू शकतो. थेंबांनंतर काही तास जवळचे नीट दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही, त्यामुळे दुचाकीवरून आलेल्यांना सोबत आणायला आधीच सांगावे आणि दूरच्या गावांतून आलेल्यांना सकाळी लवकर घ्यावे, म्हणजे परतीची एसटी त्यांना गाठता येते.