पुरवणी पुस्तक घेताना आधी तक्ते बघा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, पात्रं रंगवत खेळायच्या गोष्टीच्या खेळाचं मूळ नियमपुस्तक पचलं की पुढचं कोणतं घ्यावं? नवे मंत्र आणि पात्रप्रकार सगळेच चाळतात. खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे गोष्ट सांगून बाकीची पात्रं वठवणाऱ्याने, मात्र आधी तक्ते बघावेत. २०१७ च्या ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पुरवणीत शेवटी नावांचे तक्ते आहेत. खेळाडू वेशीवरच्या पहारेकऱ्याला अचानक नाव विचारतात, तेव्हा फासे टाकायचे, नाव हजर! जंगल, वाळवंट, डोंगर अशा प्रदेशांनुसार वाटेत कोण आडवं येईल याचेही तक्ते आहेत, आणि तेच मला सगळ्यात मोलाचे वाटतात. आदल्या रात्रीच तीन-चारदा फासे टाकून निकाल वहीत उतरवून ठेवा. ऐन रंगात पानं उलटावी लागत नाहीत. नवे नियम मात्र एका बैठकीला एकच आणा.