उरणच्या वाळूत फोरॅम कसे शोधायचे आणि मिथेनने त्यांचं काय होतं ते कसं ओळखायचं

वाशीच्या पुलावरून लोकल जाते तेव्हा ओहोटी असली की डब्यात सडक्या अंड्यासारखा वास शिरतो, माहितीय ना. सांडपाण्याचा वाटा त्यात आहेच, पण बराचसा वास चिखलातल्या बॅक्टेरियांचा. खाली ऑक्सिजन पोचत नाही मग ते समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. खोल समुद्रात जिथे तळातून मिथेन झिरपतो, ज्याला सीप म्हणतात, तिथेही हाच उद्योग चालतो, फक्त तिथे त्यांच्या जोडीला आर्किया (बॅक्टेरियांसारखेच बारीक, पण वेगळ्या कुळातले जीव) असतात आणि इंधन म्हणून मिथेन. म्हणून विषय वाटतो तितका लांबचा नाहीये.

भाचीने अकरावीच्या प्रोजेक्टला "मिथेन सीप आणि फोरॅमिनिफेरा" घेतलं आणि फोन मला, "मावशी तू जिऑलॉजी केलंयस ना". केलंय, पण त्यालाही वीस वर्षं झाली. सीपचं सँपल काही आपल्याला मिळणार नाही, त्याला जहाज लागतं. पण फोरॅम स्वतः बघितल्याशिवाय सीपचं काही डोक्यात शिरत नाही, म्हणून आधी वाळू.

फोरॅम, म्हणजे फोरॅमिनिफेराच, हा एका पेशीचा जीव, अंगावर बहुतेकदा चुन्याचं कवच, आकार साधारण रव्याच्या कणाएवढा किंवा त्याहून बारीक. नेरुळ किंवा बेलापूरहून उरणची लोकल पकडा, पिरवाडीच्या किनाऱ्यावर भरतीची रेघ जिथे राहते तिथली वरवरची वाळू चमच्याने खरवडून घ्या, मूठभर पुरे. खाडीत, खारफुटीत, फ्लेमिंगो अभयारण्यात काही उचलायला जाऊ नका, ते चालत नाही आणि गरजही नाही.

घरी आल्यावर चहाच्या गाळणीने मोठे शिंपले आणि काड्या काढा, मग स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे ती बारीक जाळी मिळते तिच्यावर नळाखाली धुवा म्हणजे गाळ निघून जाईल. लॅबमध्ये 63 मायक्रॉनची चाळणी वापरतात, जाळी त्याच्या आसपास जाते, प्रोजेक्टला चालतं. आता खरी कला, तांदूळ रोळतात तसं रोळायचं. उथळ ताटलीत पाणी घालून गोल फिरवत राहा, वाळूचे जड कण आधी बसतात आणि पोकळ कवचं हलकी म्हणून शेवटी एका कडेला जमतात, ती कड ब्रशने वेगळी काढून उन्हात वाळवा. जुन्या पद्धतीत ह्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड वापरायचे, तो विषारी आहे, नादाला लागू नका.

आणि व्हिनेगरने साफ करू नका प्लीज. मी पहिल्या बॅचला नेमकं तेच केलं, चकाचक होतील म्हणून वाटीत ठेवून भाजी टाकायला गेले, येऊन बघते तर बुडबुडे संपलेले आणि वाटीत नुसती वाळू. म्हणजे कवचं चुन्याची होती हे सिद्ध झालं, एवढंच.

वाळलेला ढीग काळ्या कागदावर पसरा, वर सोनारांचं दहापट भिंग किंवा यूएसबी मायक्रोस्कोप. आधी काहीच दिसणार नाही, पाच मिनिटं धीर धरा. मग एक गोगलगायीसारखा वेटोळा दिसेल, पण गोगलगायीची नळी सलग असते आणि ह्याच्यात खोल्या, एकीला लागून दुसरी थोडी मोठी, मध्ये शिवणीसारख्या रेघा. एक दिसला की सगळीकडे दिसायला लागतात, डोळा बसतो. किनाऱ्यालगत अमोनिया आणि एल्फिडियम हे दोन नेहमीचे (अमोनिया हे नाव वासावरून नाही, मेंढ्याच्या शिंगासारख्या वेटोळ्यावरून). ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचला आणि डिंकाच्या पातळ पाण्याने काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवा.

आता ह्याच जिवाचा खोल समुद्रातला भाऊबंद सीपवर बसवा. पहिला त्रास ऑक्सिजनचा, तो कमी, आणि वर सल्फाइड, जे बहुतेक प्राण्यांना विष. तरी काही फोरॅम तिथे राहतात, बऱ्याचदा जाती कमी पण एखाद्या जातीची गर्दी. बोलिव्हिना, युव्हिजेरिना, ग्लोबोब्युलिमिना ही नावं सारखी येतात. हे जगतात कसे तर ग्लोबोब्युलिमिनाबद्दल 2006 साली दाखवलं गेलं की तो ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास चालवू शकतो, पेशीत साठवूनच ठेवतो तो. आणि आर्क्टिकच्या सीपवरच्या मेलोनिस ह्या फोरॅमजवळ मिथेन खाणाऱ्यांसारखे बॅक्टेरिया सापडलेत, 2018 ला ते छापून आलं, म्हणजे काहींची पंगत त्यांच्यावरच चालत असावी.

इथे प्रोजेक्टवाले हमखास चुकतात. सीपवरचे शिंपले आणि ट्यूबवर्म (नळीत राहणारे किडे) खास तिथलेच असतात, ते दिसले की सीप समजा. फोरॅमचं तसं नाही, सीपवर सापडणारे बहुतेक सगळे आजूबाजूच्या कमी ऑक्सिजनच्या चिखलातही असतात. त्यामुळे नुसती जातींची यादी करून "इथे मिथेन होता" लिहिलंत तर गाईड लाल पेन काढणार.

मग पुरावा कुठला, तर कवचातला कार्बन. कार्बन 12 हलका, कार्बन 13 जड, आणि बॅक्टेरियांनी बनवलेल्या मिथेनमध्ये हलका भरपूर. एका ठरलेल्या नमुन्यापेक्षा जड कार्बन किती कमी-जास्त ते दर हजारी मोजतात, उणे म्हणजे जड कमी, समुद्राच्या पाण्यातला विरघळलेला कार्बन शून्याच्या आसपास धरा आणि असा मिथेन उणे 50 ते उणे 110. मिथेन खाल्ला गेला की तो हलका कार्बन बायकार्बोनेट होऊन पाण्यात येतो आणि फोरॅम कवच बांधताना त्यातला थोडा उचलतो. थोडाच बरं का, जिवंत फोरॅममध्ये फरक सहसा काही अंकांचाच असतो. कवच जर उणे 15, उणे 20 असं काही दाखवत असेल तर आनंदाने उड्या मारू नका, संशय घ्या.

कारण मेल्यानंतर दुसरा खेळ सुरू होतो. गिझरची कॉइल उघडून बघितलीय कधी, पांढरा थर असतो तो? सीपखालच्या चिखलात बायकार्बोनेट इतकं वाढतं की रिकाम्या कवचावर, खोल्यांच्या आतसुद्धा, तसंच चुन्याचं पुट चढतं आणि ते पुट मिथेनच्याच कार्बनचं. हिशोब करून बघा, कवच शून्यावर आहे, पुट उणे 40 आणि वजनात फक्त दहावा हिस्सा, तरी मशीन उणे 4 सांगणार. फोरॅमने जिवंतपणी मिथेन बघितलाच नसेल कदाचित. 2000 साली कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा बेसिनमधल्या कवचांवरून म्हटलं गेलं की हिमयुगातल्या उबदार टप्प्यांत तळातला मिथेन सुटला होता, त्यानंतर वाद झाला तो ह्याच टाइपचा, कवचाचा आकडा नक्की कशाचा. माझं मत विचाराल तर पुट तपासल्याशिवाय आकडा छापूच नये.

उलटंही होतं. वर जिथे ऑक्सिजन आहे तिथे मिथेन जळून कार्बन डायऑक्साइड होतो, पाणी आम्लाकडे झुकतं आणि कवच खरवडल्यासारखं होतं, माझ्या व्हिनेगरच्या वाटीचं सौम्य रूप. म्हणजे एकाच सीपवर काही सेंटिमीटरच्या फरकाने एक कवच झिजतंय आणि दुसरं जाड होतंय.

म्हणून सीपवरच्या कवचांचे फोटो बघताना असं बघा. ताजं कवच काचेसारखं, छिद्रं स्वच्छ, शिवणी ठसठशीत. पुट चढलेलं साखरेत घोळल्यासारखं, छिद्रं बुजलेली. झिजलेलं खडूसारखं पांढुरकं, शेवटची खोली तुटकी. शंका असली तर कवच फोडून आतली भिंत बघतात, बाहेरून छान आणि आत स्फटिक असं खूपदा असतं. जिवंत की मेलेला हे ठरवायला रोझ बेंगॉल नावाचा गुलाबी रंग लावतात, पेशी रंगते, पण मेल्यावरही पेशी महिनोन्‌महिने टिकू शकते त्यामुळे गुलाबी दिसला म्हणजे जिवंतच असं नाही.

भारतातलं उदाहरण हवं असेल तर कृष्णा-गोदावरी खोरं घ्या, त्याचा बंगालच्या उपसागराखालचा भाग. 2006 मध्ये जॉइडस रेझोल्यूशन जहाजाने तिथे ड्रिलिंग केलं तेव्हा मिथेनचा बर्फ, म्हणजे गॅस हायड्रेट, जाड थरात सापडला, पुढे गोव्याच्या एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या) शास्त्रज्ञांना त्या भागात सीपही मिळाले. ह्या बर्फाच्या एका घनमीटरमधून साधारण 164 घनमीटर मिथेन निघतो, ही ओळ चार्टवर मोठ्या अक्षरात टाका, परीक्षक तिथे थांबतात.

शेवटचं, पुठ्ठ्याखाली लेबल लावा, जागा, तारीख, आणि "ही कवचं किनाऱ्याची आहेत, सीपची नाहीत" हे स्पष्ट लिहा. भाचीने लिहायचा कंटाळा केला होता. मीच शेवटी स्केचपेनने लिहिलं आणि तिला तीन अमोनिया परत चिकटवायला लावले, पंख्याच्या वाऱ्याने उडाले होते. तेव्हा पंखा बंद करून बसा.